वस्तू घडल्यानंतर

शाळेत दुपारचा आहार शिजतो. शिजवणाऱ्या ताई वेगळ्या, वाढणारे वेगळे आणि जेवणारी मुले वेगळी. पण पातेले चुलीवरून उतरल्यानंतर आणि पहिल्या ताटात वाढण्यापूर्वी मध्ये एक छोटा टप्पा असतो. एखादे शिक्षक घासभर अन्न खाऊन पाहतात आणि तशी नोंद वहीत करतात. आपल्यापैकी अनेकांनी हे काम केले असेल.

या टप्प्याकडे जरा बारकाईने पाहू या. चव पाहणाऱ्याला स्वयंपाक येण्याची गरज नसते. आज खिचडी असो वा आमटी-भात, हा टप्पा चुकत नाही. चव पाहणारा 'ठीक आहे' म्हणू शकतो, 'थोडे मीठ घाला' म्हणू शकतो किंवा ते पातेले बाजूला ठेवून दुसरे मागवू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे सगळे शक्य होते कारण अन्न एकाच स्वयंपाकघरातून येते. प्रत्येक मुलाने घरून डबा आणला असता तर असा टप्पा ठेवायचा कुठे?

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही डब्यापासून स्वयंपाकघरापर्यंत असाच प्रवास करावा लागला. त्याला सुमारे पस्तीस वर्षे लागली. स्वयंपाकघर एक झाले आणि मगच चव पाहण्याचा टप्पा आला. त्या टप्प्यामुळे सोय किती झाली आणि तिच्याबरोबर कोणता नवा धोका आला, हे या लेखात पाहायचे आहे. तो धोका मी स्वतः अनुभवला आहे. त्याची गोष्ट पुढे येईलच.

ऑस्लोमधील सुरुवात

१९६० च्या दशकात नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड हे दोघे एका अडचणीशी झुंजत होते. खिडकीपुढच्या रांगा, वाहतूक, कारखान्यातील कामाचा ओघ अशा गोष्टींची नक्कल त्यांना संगणकावर करायची होती. त्यासाठी त्यांनी 'सिम्युला' नावाची भाषा घडवली. तिच्या १९६७ च्या आवृत्तीत दोन कल्पना ठळकपणे पुढे आल्या. एक 'क्लास', म्हणजे साचा आणि दुसरी 'ऑब्जेक्ट', म्हणजे त्या साच्यातून काढलेली वस्तू. एका साच्यातून हवे तितके मोदक काढावेत, तशा एका क्लासमधून हव्या तितक्या वस्तू काढता येतात. फरक इतकाच की, या प्रत्येक वस्तूजवळ स्वतःची माहिती असते आणि तिला स्वतःची कामे करता येतात.

साच्यातून वस्तू काढण्याची आज्ञा होती 'न्यू'. हा शब्द पुढे सी-प्लस-प्लसमध्ये आणि १९९५ मध्ये आलेल्या जावा या भाषेतही तसाच राहिला. डाल आणि नीगार्ड यांना त्यांच्या या कामाबद्दल २००१ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

आता अडचण कुठे आली ते पाहू. समजा, शाळेचा निकाल लावणारा प्रोग्रॅम लिहायचा आहे. त्यात 'निकालपत्रक' नावाची वस्तू आहे. तिला गुण मिळवण्यासाठी 'गुणनोंद' ही दुसरी वस्तू लागते आणि पत्रक छापण्यासाठी 'छपाई' ही तिसरी. सरळ मार्ग असा की, निकालपत्रकानेच आपल्या पोटात 'न्यू गुणनोंद' आणि 'न्यू छपाई' असे म्हणावे आणि दोन्ही वस्तू काढून घ्याव्यात. हा झाला घरून आणलेला डबा.

लहान प्रोग्रॅमला हे चालून जाते. पण साच्यांची संख्या शेकड्यांत गेली की पंचाईत होते. उद्या गुण साध्या फाइलऐवजी डेटाबेसमधून घ्यायचे ठरले, तर जिथे जिथे 'न्यू गुणनोंद' लिहिले आहे त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन बदल करावा लागतो. शिवाय निकालपत्रकाची बेरीज बरोबर होते की नाही हे खोटे, पण माहीत असलेले गुण देऊन तपासायचे म्हटले, तर तेही जमत नाही. ते पत्रक आपली गुणनोंद आपणच आणते आणि आपल्या हातची घेत नाही.

हाक कोणी कोणाला मारायची?

१९८८ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील राल्फ जॉन्सन आणि ब्रायन फूट यांनी पुन्हा पुन्हा वापरता येतील असे क्लास कसे लिहावेत यावर एक लेख लिहिला. त्यात नियंत्रणाच्या उलटापालटीची, म्हणजे 'इन्व्हर्शन ऑफ कंट्रोल'ची चर्चा आहे. एरवी आपला प्रोग्रॅम मुख्य असतो आणि तयार साहित्याला तो हाक मारतो. 'फ्रेमवर्क' या तयार चौकटीत नेमके उलटे होते. चौकट मुख्य असते आणि ती योग्य वेळी आपल्या कोडला हाक मारते. वेळापत्रक शाळेचे, तास शिक्षकाचा, असेच काहीसे.

१९९४ च्या अखेरीस एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांचे 'डिझाइन पॅटर्न्स' हे पुस्तक आले. त्यातील २३ रचनांपैकी दोन प्रकारच्या रचना आपल्या कामाच्या आहेत. एक 'फॅक्टरी': वस्तू काढण्याचे काम वापरणाऱ्याकडून काढून वेगळ्या ठिकाणी सोपवायचे. दुसरी 'प्रॉक्सी': मूळ वस्तूच्या जागी तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वस्तू उभी करायची. १९९६ मध्ये रॉबर्ट मार्टिन यांनी आणखी एक तत्त्व मांडले. वरच्या पातळीच्या भागाने खालच्या तपशिलावर विसंबू नये, दोघांनीही ठरलेल्या करारावर विसंबावे. निकालपत्रकाला 'कुठून तरी गुण देणारी वस्तू' एवढेच माहीत असावे. ते गुण फाइलमधून येतात की डेटाबेसमधून, याची उठाठेव त्याने करू नये.

याच सुमारास दुसऱ्या एका प्रवाहातूनही महत्त्वाचा विचार येत होता. लिस्प ही फार जुनी भाषा. तिच्या कॉमन लिस्प या रूपाचे अमेरिकन प्रमाणक १९९४ मध्ये ठरले आणि त्यात वस्तूंची एक पद्धत समाविष्ट होती. तिच्यात नव्या वस्तूला सज्ज करणाऱ्या क्रियेला मागाहून एक 'आफ्टर' क्रिया जोडता येते. मूळ क्रियेतील एक अक्षरही न बदलता, 'हे झाल्यावर एवढे आणखी कर' असे सांगता येते. ही पद्धत रचणाऱ्यांमध्ये ग्रेगर किचालेस हे एक होते. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करताना १९९७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, नोंद ठेवणे, परवानगी तपासणे यांसारखी कामे कोणत्याही एका साच्याची नसतात. ती सगळ्या साच्यांतून विखुरलेली असतात. तेव्हा ती एका जागी लिहून सगळीकडे लागू करण्याची सोय हवी.

म्हणजे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुटे भाग तयार होते. ते एकत्र यायचे बाकी होते.

हिवाळ्यानंतरचा वसंत

जावाच्या जगात मोठ्या कार्यालयीन प्रोग्रॅमांसाठी १९९८ मध्ये 'एंटरप्राइझ जावा बीन्स' हे मानक आले. वस्तू सांभाळणारी एक कोठी, म्हणजे 'कंटेनर', त्यात होती. कंटेनर आपल्या वस्तूपुढे उभा राही, येणारी प्रत्येक हाक अडवून परवानगी तपासे, डेटाबेसचा व्यवहार उघडे आणि मगच हाक आत सोडी. कल्पना चांगली होती, पण किंमत फार पडत होती. आपल्या साध्या क्लासला कंटेनरच्या ठरावीक अटी पाळाव्या लागत. गरज नसली तरी काही रिकाम्या क्रिया लिहाव्या लागत आणि सोबत आणखी दोन-तीन फाइली जोडाव्या लागत. कंटेनरबाहेर काढून तो क्लास तपासणे तर जिकिरीचेच होते.

या जडपणावर रॉड जॉन्सन या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने २००२ मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहिले. या गृहस्थांची डॉक्टरेट संगीतशास्त्रातील आहे, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे. पुस्तकासोबत सुमारे ३०,००० ओळींचा कोड होता. वाचकांपैकी युर्गन होलर आणि यान कारॉफ यांनी आग्रह धरला की, हा कोड सर्वांसाठी खुला करून वाढवावा. कारॉफ यांनी त्याला 'स्प्रिंग', म्हणजे वसंत, असे नाव सुचवले. आधीच्या पद्धतीचा हिवाळा संपला, असा त्यामागचा भाव. २००३ च्या जूनमध्ये स्प्रिंग प्रसिद्ध झाले आणि मार्च २००४ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली.

स्प्रिंगमध्ये निकालपत्रक स्वतः 'न्यू' म्हणत नाही. 'मला एक गुणनोंद आणि एक छपाई लागेल' एवढेच ते जाहीर करते. कंटेनर त्या वस्तू काढतो आणि त्याच्या हाती देतो. २००४ च्या जानेवारीत मार्टिन फाउलर यांनी या पद्धतीवर लेख लिहिला आणि 'डिपेंडन्सी इंजेक्शन' हे नाव रूढ केले. गरजेची वस्तू आतून न आणता बाहेरून पुरवणे, असा त्याचा साधा अर्थ. डबे गेले आणि स्वयंपाकघर आले.

चव पाहणारा

सगळ्या वस्तू एकाच ठिकाणी घडू लागल्यावर, त्या बाहेर पडण्याआधी सर्वांवर मिळून काहीतरी करता येईल हे ओघानेच आले. स्प्रिंगमध्ये यासाठी 'बीन पोस्ट-प्रोसेसर' नावाचा एक करार आहे. स्प्रिंगच्या भाषेत कंटेनरने सांभाळलेल्या वस्तूला बीन म्हणतात. या कराराच्या मूळ मजकुरात युर्गन होलर यांचे नाव आणि १० ऑक्टोबर २००३ ही तारीख आहे. आपण त्याला सोयीसाठी 'संस्कारक' म्हणू.

संस्कारकात दोनच क्रिया असतात. त्या केव्हा होतात हे समजण्यासाठी वस्तूच्या जन्माचा क्रम पाहू. आधी कंटेनर साच्यातून वस्तू काढतो. मग तिला लागणाऱ्या इतर वस्तू पुरवतो. त्यानंतर वस्तूला स्वतःची तयारी करण्याची संधी मिळते. उदाहरणार्थ, गुणनोंद या वेळी विषयांची यादी वाचून ठेवते. या तयारीच्या आधी संस्कारकाची पहिली क्रिया होते आणि तयारी संपल्यावर दुसरी. दोन्ही वेळा कंटेनर त्याच्या हाती वस्तू आणि तिचे नाव देतो आणि त्याच्याकडून एक वस्तू परत घेतो.

'एक वस्तू परत घेतो' या शब्दांत सगळी गंमत आहे. तीच वस्तू परत दिलीच पाहिजे, असे बंधन नाही. संस्कारक तीच वस्तू तशीच देऊ शकतो, तिच्यात काही भरून देऊ शकतो किंवा तिच्या जागी निराळीच वस्तू देऊ शकतो. ठीक आहे, मीठ घाला, दुसरे पातेले आणा!

हा तिसरा पर्याय सर्वांत जास्त वापरला गेला आणि तो प्रॉक्सीसाठी. महाविद्यालयात गेलेल्या प्रत्येकाला 'प्रॉक्सी' हा शब्द माहीत असतो. नाव एकाचे पुकारले जाते आणि 'हजर' दुसराच म्हणतो. पुकारणाऱ्याला फरक कळत नाही. इथे मात्र हेतू चांगला असतो. जावाच्या १.३ या आवृत्तीत, म्हणजे २००० मध्ये, प्रोग्रॅम चालू असतानाच अशी तोतया वस्तू घडवण्याची सोय आली होती. संस्कारक मूळ निकालपत्रक घेतो, त्याच्याभोवती तोतया वस्तू गुंडाळतो आणि तोतयाच परत देतो. पुढे ज्याला ज्याला निकालपत्रक हवे असेल त्याच्या हाती तोतया पडतो. कोणी 'निकाल लाव' म्हटले की तोतया आधी परवानगी तपासतो, डेटाबेसचा व्यवहार उघडतो, मग आतल्या खऱ्या पत्रकाला हाक मारतो, काम नीट झाले तर व्यवहार कायम करतो आणि बिघडले तर मागे घेतो. निकालपत्रकाच्या साच्यात यापैकी एकही ओळ नसते. पूर्वीच्या जड कंटेनरने जे केले, तेच आता साध्या क्लासला हात न लावता होऊ लागले. हे गुंडाळणे शक्यतो दुसऱ्या क्रियेत होते, म्हणजे आतली वस्तू तयारी करून पूर्ण झाल्यानंतर.

पुढची पायरी आणखी मजेदार आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये आलेल्या स्प्रिंग २.५ पासून, 'मला ही वस्तू पुरवा' असे क्लासमध्येच एका छोट्या खुणेने लिहिता येऊ लागले. ही खूण वाचून वस्तू पुरवण्याचे काम कोणाकडे दिले? एका संस्कारकाकडेच. तो याच घराण्यातला, फक्त थोडा आधी हाक येणारा. म्हणजे चव पाहण्यासाठी नेमलेल्या माणसाच्याच हाती हळूहळू फोडणीचा डाव आला. मागाहून जोडलेली सोय मुख्य कामाचा भाग झाली.

या पद्धतीला स्पर्धकही आले. गूगलमध्ये बॉब ली यांनी घडवलेले 'ग्यूस' २००७ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. २००९ मध्ये जॉन्सन आणि ली यांनी मिळून जावासाठी वस्तू पुरवण्याच्या खुणांचे एक सामाईक मानक ठरवले. ते अगदी आटोपशीर आहे. वस्तू कशी मागायची यावर त्यात एकमत आहे, पण घडून झालेल्या वस्तूवर काय संस्कार करावेत याबद्दल त्यात शब्दही नाही. तो भाग प्रत्येक चौकटीने आपापल्या पद्धतीने ठेवला.

आमची फसगत

आता माझी गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत पाण्याच्या नमुन्यांची मोजमापे नोंदवणारा प्रोग्रॅम आम्हीच लिहिला होता. प्रत्येक नमुन्याची नोंद एका तक्त्यात आणि त्याची वाचने दुसऱ्या तक्त्यात. दोन्ही नोंदी एकत्रच व्हाव्यात, एक झाली आणि दुसरी राहिली असे होऊ नये, म्हणून 'एक नमुना नोंदव' या क्रियेवर व्यवहाराची खूण केली होती. एके दुपारी वीज गेली. परत आल्यावर पाहिले तर काही नमुन्यांना वाचनेच नव्हती आणि काहींना अर्धीच होती. नेमकी ती वाचने दुसरीकडे कुठेही लिहिलेली नव्हती. नमुने शिळे झाले होते. ते पुन्हा मोजून उपयोग नव्हता. आम्हाला ते सोडून द्यावे लागले.

माझी विद्यार्थिनी पुन्हा पुन्हा कोड दाखवत होती. "मॅडम, ही बघा ना खूण. इथे लिहिलंय व्यवहार म्हणून. मग झाला का नाही?"

खूण होती, प्रश्न ती वाचणार कोण हा होता. खूण वाचून व्यवहार उघडणारा तोतया वस्तूच्या बाहेर उभा असतो. मुख्याध्यापकांच्या दाराशी शिपाई वही घेऊन बसला आहे अशी कल्पना करा. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाची नोंद तो करतो. पण मुख्याध्यापक स्वतःच खुर्चीवरून उठून आतल्या कपाटातून कागद काढतात, त्याची नोंद शिपाई कशी करणार? आमच्या प्रोग्रॅममध्ये बाहेरून हाक येई ती 'सगळे नमुने नोंदव' या क्रियेला. तिच्यावर खूण नव्हती. ती क्रिया आतल्या आत 'एक नमुना नोंदव'ला हाक मारी. ती हाक दाराबाहेर येतच नव्हती, त्यामुळे तोतयाला तिचा पत्ताच नव्हता. व्यवहार कधी उघडलाच गेला नाही आणि प्रत्येक नोंद सुटी सुटी कायम होत गेली. इतके दिवस वीज गेली नाही, म्हणून ते आम्हाला कळले नव्हते.

उपाय अगदी छोटा होता. 'एक नमुना नोंदव' ही क्रिया आम्ही वेगळ्या वस्तूत हलवली आणि ती वस्तू कंटेनरकडून मागून घेतली. आता हाक दारातून जाते. स्प्रिंगच्या माहितीपुस्तिकेत ही मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे. आम्ही ती वाचलेली नव्हती, दोष आमचाच.

दुसरी एक मर्यादा तर्कशास्त्राच्या शिक्षकांना आवडेल. संस्कारक ही स्वतःसुद्धा एक वस्तूच आहे आणि ती कंटेनरच घडवतो. मग संस्कारकावर संस्कार कोण करणार? स्प्रिंगचे उत्तर व्यवहारी आहे. सगळे संस्कारक आधी घडवायचे, मग बाकीच्या वस्तू. पण एखाद्या संस्कारकाला त्याच्या कामासाठी गुणनोंद लागली, तर तिलाही त्याच्याबरोबर लवकर जन्मावे लागते. तोवर बाकीचे संस्कारक तयार झालेले नसतात. अशी वस्तू काही संस्कारांवाचूनच राहते. प्रोग्रॅम सुरू होताना स्प्रिंग तसा निरोप नोंदवते की, अमुक वस्तूवर सर्व संस्कारकांची प्रक्रिया होऊ शकत नाही. निरोप साधा असतो, प्रोग्रॅम थांबत नाही आणि म्हणून बरेच जण तो वाचत नाहीत.

दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. 'न्यू' होते तेव्हा वस्तू कुठे घडली आणि तिच्यात काय आहे, हे कोड वाचून कळत असे. आता लिहिलेला साचा एक आणि हाती आलेली वस्तू दुसरी असू शकते. आपण काय लिहिले हे वाचणे पुरेसे नाही. लिहिलेले कोण वाचतो, केव्हा वाचतो आणि कोणत्या दाराशी उभा राहून वाचतो, हेही माहीत असावे लागते.

वर्गात करून पाहा

हा विषय संगणकाशिवायही शिकवता येतो. एका विद्यार्थ्याला 'स्वयंपाकघर' करा. तो चिठ्ठ्या लिहील आणि त्या दाराशी बसलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या हातून पुढे जातील. पहिल्याने प्रत्येक चिठ्ठीवर क्रमांक घालावा. दुसऱ्याने ती पाकिटात घालून पाकीटच पुढे द्यावे आणि पाकीट किती वेळा उघडले याची नोंद पाकिटावर करायला सांगावे. मग दोघांच्या जागा बदला. क्रमांक आता पाकिटावर पडतो, चिठ्ठीवर नाही. संस्कारांच्या क्रमाने फरक पडतो, हे मुले आपणहून सांगतील. शेवटी स्वयंपाकघरातल्या मुलाला दारातून न पाठवता स्वतःसाठीच एक चिठ्ठी लिहून वाचायला सांगा आणि विचारा, तिची नोंद कुठे झाली? आमच्या प्रयोगशाळेला ज्या प्रश्नाचे उत्तर नमुने गमावून मिळाले, ते तुमच्या वर्गाला दहा मिनिटांत मिळेल.